‘रय्यान’ ठेवावे की ‘इब्राहिम’?

प्रश्न : मी खेड तालुक्यातील एका गावात सासरी राहते. रमजान महिन्यात आम्हाला पहिला मुलगा झाला. माझे पती कतारमध्ये नोकरीला आहेत आणि त्यांनी तिकडून ‘रय्यान’ हे नाव सुचवले आहे. मलाही ते आवडले. सासरे हाजी आहेत, पाच वेळचे नमाजी आहेत. ते म्हणतात की हे नाव कुराणात नाही, ते तर दोह्याजवळच्या एका शहराचे नाव आहे. त्यांच्या मनात त्यांच्या दिवंगत वडिलांचे ‘इब्राहिम’ हे नाव आहे. मोबाइलवर अर्थ शोधला तर एका ठिकाणी ‘छोटा राजा’, दुसरीकडे ‘सुगंधी वनस्पती’ आणि तिसरीकडे ‘जन्नतचा दरवाजा’ असे मिळाले. नणंद म्हणते की तिच्या मुलीच्या बालवाडीतच या नावाची दोन मुले आहेत, नाव फार झाले आहे. सासूबाईंना मोरोक्कोत विहिरीत पडून गेलेल्या याच नावाच्या त्या लहान मुलाची आठवण येते आणि त्या हे नाव नकोच म्हणतात. अकीका (बाळाच्या जन्मानंतरचा कुर्बानीचा विधी) एकविसाव्या दिवशी ठरला आहे आणि जन्मनोंदणीसाठीही नाव मागत आहेत. सर्वांचे ऐकून मी गोंधळले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : बाळाचे आणि तुम्हा उभयतांचे मनापासून अभिनंदन. प्रथम अर्थाचे पाहू, कारण तुमच्या घरातील निम्मी चर्चा अर्थ निश्चित नसल्यामुळे वाढलेली दिसते. मोबाइलवर तुम्हाला जे तीन अर्थ मिळाले, ते एकाच नावाचे नाहीत. इंग्रजी अक्षरांत लिहिल्यावर जवळजवळ सारखी दिसणारी निरनिराळी नावे तिथे एकमेकांत मिसळली गेली आहेत. ‘छोटा राजा’ हा अर्थ सांगितला जातो तो ‘रायन’ या आयरिश नावाचा. ते मुळात आयर्लंडमधले आडनाव असून पुढे पहिले नाव म्हणून जगभर पसरले, आणि आपल्याकडे गोव्यातील व वसईतील ख्रिस्ती कुटुंबांतही ते आढळते. त्याचा अरबीशी काहीही संबंध नाही. ‘सुगंधी वनस्पती’ हा अर्थ ‘रैहान’ किंवा ‘रेहान’ या नावाचा आहे. अरबीत रैहान म्हणजे सुवासिक पाने असलेले झाड, त्यातही विशेषतः आपल्या सब्जाच्या जातीचे. हा शब्द कुराणात सूरह रहमान आणि सूरह वाकिआ अशा दोन्ही ठिकाणी आलेला आहे, त्यामुळे ‘रय्यान कुराणात आहे’ असे जिथे ठामपणे लिहिलेले असते, तिथे बहुधा लिहिणाऱ्याने ही दोन नावे एकच मानलेली असतात.

तुमच्या पतींनी सुचवलेले नाव या दोन्हींहून वेगळे आहे. रे, वाव आणि ये या तीन मूळ अक्षरांपासून अरबीत जे शब्द तयार होतात, त्यांच्या केंद्रस्थानी पाणी आहे. त्या मूळ क्रियापदाचा अर्थ पोटभर पाणी पिऊन तहान भागणे, आणि ‘रय्यान’ म्हणजे ज्याची तहान पूर्ण भागली आहे असा, तृप्त. ‘अत्शान’ म्हणजे तहानलेला, त्याच्या नेमका उलट. झाडाला किंवा शेताला हे विशेषण लावले तर भरपूर पाणी मिळाल्यामुळे टवटवीत झालेले, हिरवेगार असा अर्थ होतो. शब्दाची घडण ‘रहमान’सारखी आहे, आणि या घडणीतील विशेषणांत एखादा गुण काठोकाठ भरलेला असल्याचा भाव असतो. इजिप्तमध्ये पाटबंधाऱ्यांचे काम पाहणाऱ्या मंत्रालयाच्या नावात याच मुळाचा शब्द आजही आहे. हदीस, म्हणजे प्रेषितांची वचने व आचरण, सांगणाऱ्याला ‘रावी’ आणि त्याने सांगितलेल्या गोष्टीला ‘रिवायत’ म्हणतात, तेही याच कुळातले. तुमचे सासरे हाजी आहेत, तेव्हा जिलहिज्जाची आठवी तारीख, ज्या दिवशी यात्रेकरू मिनाकडे निघतात, ती ‘यौमुत्तरविया’ म्हणून ओळखली जाते हे त्यांना ठाऊक असेलच. पुढच्या वाटेवर पाणी मिळत नसे, म्हणून त्या दिवशी पूर्वीचे हाजी उंटांना पाजून आणि मशका भरून घेत असत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. रय्यान आणि तरविया यांचे मूळ एकच आहे. त्यांनी स्वतः ज्या दिवसाचा अनुभव घेतला आहे, त्याच्याशी नातवाच्या नावाचे असे नाते आहे हे त्यांना सांगितले, तर मला वाटते त्यांना हे नाव परके राहणार नाही.

आता ‘जन्नतचा दरवाजा’. येथे थोडी काटेकोर भाषा वापरलेली बरी, कारण रय्यान या शब्दाचा तो अर्थ नाही. ते जन्नतच्या एका दरवाजाचे नाव आहे. हजरत सहल बिन साद यांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा की जन्नतमध्ये रय्यान नावाचा एक दरवाजा आहे, कयामतच्या दिवशी त्यातून केवळ रोजेदार आत जातील, त्यांच्याशिवाय कोणीही त्यातून जाणार नाही, आणि ते आत गेल्यावर तो बंद केला जाईल. या हदीसवर लिहिताना पंधराव्या शतकातील थोर विद्वान इब्न हजर अस्कलानी यांनी दाखवून दिले आहे की दरवाजाचे नाव आणि त्यातून जाणारे लोक यांचा येथे सुंदर मेळ बसतो. रोजेदार दिवसभर तहान सोसतात आणि त्यांच्यासाठी राखलेल्या दरवाजाचे नावच ‘तृप्त’ असे आहे. इब्न हजर हे शाफई परंपरेतले, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांचा जो मसलक आहे त्याच परंपरेतले, हेही तुमच्या घरी सांगण्यासारखे आहे. ज्या बाळाचा जन्म रमजानमध्ये झाला, त्याला हे नाव सुचणे मला अत्यंत स्वाभाविक वाटते. बऱ्याच मुसलमान घरांत रमजानमध्ये जन्मलेल्या मुलांसाठी ते याच कारणाने निवडले जाते.

सासऱ्यांचा आक्षेप मात्र बारकाईने पाहायला हवा, कारण त्यांनी सांगितलेली वस्तुस्थिती खरी आहे. रय्यान हे नाव कुराणात नाही. तेव्हा ते कुराणात आहे असे भासवून वाद जिंकण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. पुढचा प्रश्न असा की मुलाचे नाव कुराणातलेच असले पाहिजे, असा दंडक आहे का? प्रेषितांच्या सोबत्यांपैकी कुराणात नावानिशी उल्लेख आहे तो केवळ हजरत जैद यांचा, तोही एकदाच, सूरह अहजाबमध्ये. हजरत उमर, उस्मान, अली, हसन, हुसेन यांच्यापैकी कोणाचेही नाव कुराणात नाही, आणि तरीही ही नावे ठेवताना आजवर कोणाला शंका आलेली नाही. उलट फिरऔन, हामान, कारून आणि अबू लहब हे सत्याला विरोध करणारे चौघेही कुराणात आहेत. म्हणून शब्द कुराणात आहे की नाही यावरून नावाची योग्यता ठरत नाही, ती त्याच्या अर्थावरून ठरते. प्रेषितांनी स्वतः जी नावे बदलली त्यांतही हीच कसोटी दिसते. एका स्त्रीचे नाव ‘आसिया’, म्हणजे आज्ञा मोडणारी, असे होते, ते बदलून त्यांनी ‘जमीला’ ठेवले. (फिरऔनच्या पत्नीचे आसिया हे नाव अरबीत निराळ्या अक्षरांनी लिहिले जाते, ते चांगलेच आहे.) या कसोटीवर रय्यान पूर्णपणे उतरते.

याच ओघात एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी कोणी काढली तर तुम्ही गडबडणार नाही. हजरत यूसुफ यांच्या काळातील मिस्रच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाचे नाव जुन्या तफसीरकारांनी, म्हणजे कुराणाच्या भाष्यकारांनी, ‘रय्यान बिन वलीद’ असे दिले आहे. ‘हे तर काफिर बादशहाचे नाव’ असा मुद्दा एखादे जाणते गृहस्थ उपस्थित करू शकतात. कुराणात त्या राजाचे नाव येत नाही, त्याला फिरऔनही म्हटलेले नाही, ‘मलिक’ म्हणजे राजा एवढेच म्हटले आहे. त्याने यूसुफ यांना तुरुंगातून सोडवून धान्याच्या कोठारांवर नेमले, आणि काही रिवायतींत तो पुढे ईमान आणतो असेही आहे. हे नाव अलीकडे कोणीतरी बसून बनवलेले नाही, एवढेच यावरून सिद्ध होते.

शहराचा मुद्दा फार ताणण्यासारखा नाही. अल रय्यान हे दोह्याला लागून असलेले मोठे शहर आहे आणि 2022 च्या विश्वचषक फुटबॉलचे काही सामने तेथील अहमद बिन अली स्टेडियममध्ये झाले, त्यामुळे ते नाव आपल्याकडेही अनेकांच्या कानावर गेले. पण शहराचे नाव आणि तुमच्या बाळाचे नाव ही दोन्ही एकाच शब्दावरून आलेली आहेत. पाण्याला जिवापाड जपणाऱ्या प्रदेशात वस्तीला असे नाव मिळावे, यात शुभच आहे. शिवाय ज्या मुलखात बाळाचे वडील कष्ट करून संसार चालवत आहेत, तिथली एक चांगली आठवण मुलाच्या नावात राहिली तर काय बिघडले?

आता लोकप्रियतेचे. तुमच्या नणंदेचे निरीक्षण बरोबर असू शकेल, पण ‘भारतात या नावाचा अमुक क्रमांक’ असे मोबाइलवर कोठे वाचले तर त्यावर विसंबू नका. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये सरकारी सांख्यिकी खाते दरवर्षी जन्मलेल्या मुलांच्या नावांची मोजदाद प्रसिद्ध करते, आपल्याकडे तशी देशव्यापी यादी निघत नाही. त्यामुळे संकेतस्थळांवरचे भारतातील क्रमांक हे त्या त्या संकेतस्थळावर कोण काय शोधते यावरून बांधलेले अंदाज असतात. फ्रान्समध्ये 2000 नंतरच्या काळात ‘रायान’ हे नाव, विशेषतः अल्जीरिया, मोरोक्को आणि ट्युनिशियातून आलेल्या कुटुंबांत, खूप रुळले. घरी आजीला ते अरबी म्हणून उच्चारता येते आणि शाळेत फ्रेंच शिक्षकांच्याही तोंडी ते सहज बसते, हे त्याचे एक उघड कारण आहे. कोकणातून आखातात, तिथून इंग्लंड-कॅनडात गेलेल्या आपल्या कुटुंबांतही असाच विचार होतो. आणि वारंवार आढळणे हा दोषच मानायचा झाला, तर इंग्लंड व वेल्समध्ये 2023 साली मुलग्यांच्या नावांत पहिला क्रमांक ‘मुहम्मद’चा होता, एका वर्षात 4,661 मुलांना ते नाव दिले गेले. इब्राहिमही तेथे पहिल्या शंभरांत असते. आपल्या पंचक्रोशीत तर इब्राहिम नावाचे गृहस्थ प्रत्येक मोहल्ल्यात भेटतील. बालवाडीत दोन रय्यान असले तर बाई त्यांना आडनावाने हाक मारतील, याहून जास्त काही होत नाही.

किंबहुना मला काळजी वाटते ती याच्या उलट प्रकाराची. नाव इतर कोणाचे नसावे या हौसेपायी हल्ली ‘आन’कारान्त नावांची जी रांग लागली आहे, त्यांतील अनेकांना अरबी कोशात धड आधार नसतो. ‘झियान’ हे नाव कानाला गोड लागते म्हणून ठेवले जाते, पण फारसी आणि उर्दूत त्याच उच्चाराचा जो शब्द आहे त्याचा अर्थ तोटा, नुकसान असा आहे. तुम्ही निवडलेल्या नावाला स्पष्ट व्युत्पत्ती आहे, सहीह, म्हणजे विश्वसनीय, हदीसचा आधार आहे आणि सहज समजणारा अर्थ आहे, हे त्याचे मोठे बळ आहे.

सासूबाईंच्या भीतीची कोणीही थट्टा करू नये. फेब्रुवारी 2022 मध्ये मोरोक्कोच्या डोंगराळ भागात ते पाच वर्षांचे मूल 32 मीटर खोल विहिरीत पडले आणि सुटकेसाठी चार दिवस खोदकाम चालले, तेव्हा जगभरातल्या आयांनी त्याच्यासाठी दुआ मागितली होती. तुमच्या सासूबाईही त्यांतल्याच एक असाव्यात. त्यांना एवढेच सांगा की प्रेषितांनी अपशकुन मानणे नाकारले आणि चांगला शब्द कानी पडणे हा शुभसंकेत म्हणून त्यांना आवडत असे. ‘तृप्त राहा’ असे म्हणणारे नाव दिवसातून पन्नास वेळा त्यांच्याच तोंडून उच्चारले जाणार आहे.

हे सारे सांगून झाल्यावरही, तुमच्या पत्रातील खरा पेच मला याहून वेगळ्या ठिकाणी दिसतो. तुमचे सासरे कुराणाचा आणि शहराचा मुद्दा काढतात, पण त्यांच्या मनात त्यांचे वडील आहेत. पहिल्या नातवात वडिलांचे नाव पुन्हा घरात ऐकू यावे असे वाटणाऱ्या माणसाला आपली ही इच्छा सुनेसमोर उघड बोलून दाखवणे जड जाते, म्हणून तो शास्त्राचा आधार घेतो. अशा वेळी त्यांच्यासमोर हदीसचे दाखले ठेवून त्यांचा मुद्दा खोडून काढला, तर तुम्ही बरोबर ठराल आणि ते दुखावतील. म्हणून हे बोलणे तुम्ही करू नये. तुमच्या पतींनी एखाद्या शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, निवांत फोन करून वडिलांशी थेट बोलावे आणि आजोबांविषयी स्वतःहून विचारावे. मुलाचे नाव ठेवण्याचा अधिकार आईवडिलांचा आहे हे खरे, पण तो बजावण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन जाणून घेणे हे मुलाचे काम आहे, ते परदेशी राहून सुनेवर सोपवता येणार नाही.

इब्राहिम या नावाच्या बाजूनेही वजनदार आधार आहे, हे विसरू नका. प्रेषितांनी आपल्या मुलाचे नाव आपले पूर्वज हजरत इब्राहिम यांच्यावरूनच ठेवले होते. त्यामुळे फोनवर बोलताना सासऱ्यांनी मन मोकळे केले आणि तुम्हा दोघांनाही आतून वाटले की हेच नाव ठेवावे, तर तेही तितकेच चांगले. माझे मत विचाराल तर ते रय्यानच्या बाजूने आहे, कारण ते तुम्हा दोघांच्या मनातून आलेले आहे आणि बाळाच्या जन्मकाळाशी जुळलेले आहे. तसे ठरले तर अकीक्याच्या दिवशी सर्वांसमोर नाव जाहीर करण्याचा आणि दुआ करण्याचा मान सासऱ्यांना द्या, आणि पुढे अल्लाहने दुसरा मुलगा दिला तर तो इब्राहिम असेल हा शब्द तुमच्या पतींनी त्यांना आजच द्यावा. अर्थात शब्द दिला तर तो पाळायचाच, या तयारीने.

दोघांचेही समाधान व्हावे म्हणून ‘रय्यान इब्राहिम’ असे जोडनाव मात्र ठेवू नका. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे समजले जाते, अरब देशांतही दुसरे नाव वडिलांचेच मानतात. उद्या व्हिसाच्या वेळी बाळाच्या कागदांवर वडील म्हणून इब्राहिम वाचले जाईल आणि तुमच्या पतींच्या ओळखपत्रावर वेगळेच नाव असेल. आखातात कुटुंब नेताना या एका कारणावरून महिनोन्महिने खेटे घालणारी माणसे आपल्याच गावागावांत आहेत. सुरुवातीला ‘मोहम्मद’ लावायचे असेल तर लावा, पण ते सर्व कागदांवर पूर्ण लिहा. एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मो.’ किंवा ‘एमडी’ असे होऊ देऊ नका.

नोंदणीसाठी जो तगादा चालला आहे, त्याने घाबरण्याचे कारण नाही. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते, नाव त्याच वेळी द्यावे लागते असे नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते आणि 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येते, त्यानंतर विलंब शुल्क देऊन 15 वर्षांपर्यंत. म्हणजे सासऱ्यांशी बोलणे होईपर्यंत थांबायला तुम्हाला पुरेसा वेळ आहे. मात्र एकदा भरलेले नाव काळजीपूर्वक भरलेले असले पाहिजे, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना, मतदार नोंदणी अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, आणि त्यावरचे नावच पुढे सगळीकडे जाते.

मराठीत नाव ‘रय्यान’ असेच, अर्ध्या य ला पूर्ण य जोडून लिहा. ‘रियान’, ‘रायन’ किंवा ‘रेहान’ झाले की नाव बदलले. इंग्रजीत आर, ए, वाय, वाय, ए, एन अशी सहा अक्षरे असावीत. पहिला ए आणि दुसरा वाय गाळून चार अक्षरांत लिहिले, तर ते आयरिश रायन होते आणि कतारमधला कारकून ते अरबीत उतरवताना तसेच उतरवील. अरबी किंवा उर्दूत रे, ये, अलिफ, नून ही चार अक्षरे आणि ये वर तश्दीद, म्हणजे अक्षर दुप्पट उच्चारण्याची खूण. छपाईत तश्दीद बहुधा गळते, त्याने बिघडत नाही. नाव पक्के झाल्यावर एका कागदावर ते मराठीत आणि इंग्रजीत सुवाच्य अक्षरांत लिहा, इंग्रजीत मोठ्या लिपीत, आणि तो कागदच ग्रामसेवकांच्या हाती द्या, तोंडी सांगू नका. दाखला छापण्यापूर्वी संगणकावर भरलेला मजकूर स्वतः एकदा वाचून पाहण्याची विनंती करा आणि बाळाच्या नावाबरोबर वडिलांचे नाव त्यांच्या पारपत्रावर आहे तसेच, अक्षर न् अक्षर, आले आहे ना तेही तपासून घ्या.